बिजागरीतला कापूस

१

ट्रंकेत सगळं होतं. पांघरूण होतं, लग्नाचा अल्बम होता, धम्मदीपचं बंद पडलेलं घड्याळ होतं. नव्हतं ते फक्त हिरवं प्लास्टिकचं पाकीट. त्या पाकिटात निल्मिनीचा पासपोर्ट होता, भारतात राहण्याचा परवाना होता आणि परवान्याच्या नूतनीकरणाचा भरलेला अर्ज होता. बुधवारी सकाळी सात वाजता तिने ट्रंक तीनदा उपसली. शुक्रवारी परवान्याची मुदत संपत होती.

ती रडली नाही. चार वर्षांच्या पायलला तिने जावेच्या हवाली केलं, पदर खोचला आणि चिखलडोह गावातून निघून ती शेजारच्या तांड्याकडे चालू लागली.

तांड्यात पूनमसिंग राठोड उन्हाला पाठ देऊन तंबाखू मळत होता. हा गृहस्थ एकतीस वर्षं राळेगावच्या बाजूला सरकारी कापूस खरेदीवर ग्रेडर होता. चिमूटभर कापूस दोन बोटांत धरून ओढला की तो कुठल्या शिवारातला, कितव्या वेच्यातला आणि वजन वाढवायला त्यावर पाणी मारलंय का, हे तो सांगायचा. या कसबापायी अर्ध्या तालुक्याशी त्याचं वाकडं होतं. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण बोटं शाबूत होती आणि जिभेची धारही. उभ्या नोकरीत त्याला एकच जिवाभावाचा मित्र मिळाला, काट्यावरचा मापारी उकंडा. निल्मिनी त्या उकंडाची थोरली सून.

“काका, मायं पाकीट गेलं,” ती म्हणाली. मराठी ती याच गावात शिकली होती, त्यामुळे पुण्यामुंबईचं मराठी तिला ठाऊकच नव्हतं. “ट्रंकेतून गेलं. कुलूप तसंच होतं.”

“पोलिसात सांगतलं?”

“सांगतलं तं हरवल्याची नोंद होते. मंग आमच्या वकिलातीकडून नवा पासपोर्ट. दोन-तीन महिने जातात. यवतमाळच्या साहेबानं मले जानेवारीतच बजावलं होतं. नवरा आता नाही, केस नाजूक हाये, अर्ज मुदतीच्या आत पासपोर्टासकट आणा. नाही आणला तं देश सोडाची नोटीस काढा लागन.”

“अन् पायल?”

“पायल इथली. तिच्याजवळ पासपोर्टच नाही.” तिने खोचलेला पदर परत घट्ट खोचला. “मले एकटीले जा लागन, काका.”

निल्मिनी श्रीलंकेची. तिथल्या गाल शहराच्या बाजूला तिच्या बापाचा चहाचा लहानसा मळा. विसाव्या वर्षी ती कुवेतला शिवणाच्या कारखान्यात लागली. तिथे कामगारांची बस चालवायचा चिखलडोहचा धम्मदीप. मालकाने दोघांचेही पासपोर्ट आपल्या लोखंडी कपाटात ठेवले होते, आणि मालकाची मर्जी होईपर्यंत कोणी हलू शकत नव्हतं. उकंडा वारला तेव्हा धम्मदीपला बापाच्या मातीलाही येता आलं नव्हतं. पुढे दोघं सुटले, लग्न केलं, गावी आले. पहिल्या दिवशी सासू-सुनेला एकमेकींचा एक शब्द कळेना. मग संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे दोघींनी एकच पाली वंदना एका सुरात म्हटली आणि घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गेल्या पावसाळ्यात कळंब रोडवर धम्मदीपची मोटारसायकल ट्रकखाली गेली. सरकारी कागदांचं सगळं तोच बघायचा.

“चावी कुठी राह्यते?” पूनमसिंगने विचारलं.

“बाबासाहेबांच्या फोटोमागं. हे घरातल्यांनाच माहीत, काका. चोर बाहेरचा नाही.”

पूनमसिंगने तंबाखू न खाताच झटकून टाकली आणि टोपी घातली.

२

घर तीन खोल्यांचं. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, फोटो आणि ट्रंक. मागे स्वयंपाक. मधली खोली दिवाळीपासून कापसाने छताला टेकली होती आणि कालच रिकामी झाली होती. त्या साली, म्हणजे दोन हजार सातच्या हंगामात, गावात घरोघर हेच होतं. भाव आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोकांनी कापसाला घरात निजवलं होतं आणि स्वतः ओसरीवर निजत होते.

ओसरीवर तुळसाबाई तूर निवडत बसली होती. उकंडाची बायको, धम्मदीपची आई.

“जय भीम, वयनी.”

“जय सेवालाल, भाऊ,” ती सुपातून मान वर न करता म्हणाली. एकमेकांचा नमस्कार एकमेकांना करायचा, ही त्या दोघांची तीस वर्षांची रीत होती.

पूनमसिंग ट्रंकेपुढे उकिडवा बसला. डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने कडांवरून, कडीवरून, कुलपावरून बोटं फिरवली. मागच्या बिजागरीपाशी बोटं थांबली. तिथे कापसाची एक लहानशी बट चिमटली होती. त्याने ती अलगद सोडवली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढली, मग परत जुळवून ओढली.

“पानाचा चुराही नाही, मातीही नाही. हा कोणाच्या हातचा?”

“माया,” निल्मिनी म्हणाली. “मी वेचलेला आई वेगळा ठेवतात, खिडकीच्या कोपऱ्यात. गादी-उशीले.”

पूनमसिंगला हे ठाऊक होतं. गावातल्या बाया बोंड मुठीत धरून ओढतात, सोबत वाळलेलं पान येतं, काडी येते. निल्मिनी लहानपणी बापाच्या मळ्यात चहा खुडायची. दोन पानं आणि एक कळी, बाकी झाडाला धक्का नाही. कापसालाही ती तसाच हात लावी, दोन्ही हातांनी, बोटांच्या टोकांनी. बाया हसायच्या, पण तिचा कापूस हातात घेतला की गप्प व्हायच्या.

“कायच्या कापसाचं घेऊन बसले, काका?” दारातून धम्मरत्न म्हणाला. हा धाकटा मुलगा. “काल ट्रॉली भरून राह्यलो होतो. सगळ्यांच्याच अंगावर कापूस होता.”

“काल कापसाची गंजी तुडवली तुम्ही. वरचा खाली झाला, पायाची माती लागली, पाला मिसळला. तुया बाहीले अजून लागून हाये, पाह्य.” त्याने धम्मरत्नच्या बाहीवरचा मळकट पुंजका खुडून बटेशेजारी धरला. आंधळ्यालाही फरक कळावा असा तो होता. “ही बट कालची नाही. गंजी हलायच्या आधीची हाये.”

धम्मरत्नची बायको रुपाली पायलला कडेवर घेऊन उभी होती, तिनेही मान पुढे काढली.

“पाकीट शेवटचं कवा पाह्यलं?”

“रविवारी सकाळी,” निल्मिनी म्हणाली. “राळेगावहून नागोराव आले होते अर्ज भराले. सगळ्यांसमोर मी पाकीट परत ट्रंकेत ठेवलं.”

“अन् रविवारपासून काल ट्रॉली लागेपर्यंत गंजीले कोणी हात लावला?”

निल्मिनीने मान हलवली. रुपालीने हलवली. धम्मरत्न म्हणाला, “कायले लावन?” ओसरीवरून तुळसाबाईचाही आवाज आला, “नाही बा.”

पूनमसिंगने बट चुन्याच्या डबीच्या झाकणात ठेवली आणि डबी खिशात टाकली.

“मंग ह्या घरात कोणीतरी मायाशी खोटं बोलून राह्यलं,” तो म्हणाला.

३

धम्मरत्नला त्याने गोठ्यापाशी गाठलं आणि आडवळण न घेता विचारलं, “वयनी गेली तं तुया फायदा हाये का?”

पोराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण उत्तर त्याने सरळ दिलं. “चार एकरांत दादाचे दोन. वयनी गेली तं मीच वाहीन, हे पारावर सगळे बोलतात. बोलू द्या. दादानं कुवेतातून मले आयटीआय शिकवलं, काका. त्याच्या बायकोले मी हाकलीन?”

“रविवारी कुठी होता?”

“नागोराव गेला तसे आम्हीबी निघालो. कळंबले रुपालीच्या भावाचा साखरपुडा होता. सोमवारी दिवेलागणीले आलो, येतानाच ट्रॅक्टर ठरवून आलो. मंगळवारी सकाळी माल भरला.”

रुपालीने भांडी घासता घासता उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तराला एक भांडं आपटलं. “मायावर शक घ्या, घ्या. तिची शिलाई मशीन मले आवडते, हेबी गावाले माहीत हाये. पण पासपोर्ट घेऊन मी काय करू? थो काय चुलीवर शिजते? बुढीचा जीव मोठ्या सुनेतच हाये, म्हणून मी तिचा राग करते. पण थ्या पोट्टीची माय कोणी नेली पाह्यजे, असं मायाच्यानं म्हणवत नाही.”

“बुढी काल काय करत होती?”

“थे तं इचारूच नका!” रुपालीने परात खाली ठेवली. “दरसाल म्हणते, कापूस घरातून काढा, मले खोकला येते. अन् काल ट्रॉली दारात लागली तं गंजीवर चढून बसली. गुडघ्यानं दोन वर्षं वावरात पाय टाकला नाही थ्या बाईनं! म्हणे, भाव वाढन, इकू नका. शेवटी ह्यांनी उचलून खाटेवर ठेवली.”

“अन् आज?”

“आज गप. आम्ही सारं घर उलटंपालटं केलं. डबे, मडकी, चुलीमागं, न्हाणीमागं. बुढी तूर निवडत बसली. जागची हालली नाही.”

दुपारच्या एसटीने पूनमसिंग राळेगावला गेला. तहसीलच्या फाटकाशी झाडाखाली टेबल टाकून नागोराव अर्ज लिहीत होता. ग्रेडरला पाहून त्याने पेन खाली ठेवलं. निल्मिनीचं ऐकून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

“मायावर आळ आणू नका, ग्रेडरसाहेब. मी समोरच्या खोलीत बसलो, अर्ज भरला, चहा घेतला अन् निघालो. आत पाऊल टाकलं नाही. उलट मी म्हणलो होतो, पासपोर्ट मायाजवळ द्या, मीच यवतमाळले नेतो. थ्या बाईनं चक्क नाही म्हणलं. म्हणे, एकदा दुसऱ्याच्या कपाटात ठेवला होता, आता नाही ठेवत.”

“हे सगळ्यांसमोर म्हणली?”

“सगळ्यांसमोर. मंग कपाट म्हणजे काय, थे कुवेताचं सगळं बुढीनं मले सांगतलं. जातानी फाटकापर्यंत आली. शुक्रवार गेल्यावर काय होते, असं दोनदा इचारलं. मी घाईत होतो. म्हणलो, शुक्रवार गेला की थ्या पुस्तकाले काही अर्थ नाही राहत.”

“अन् बुढी काय म्हणली?”

“काही नाही. बरं म्हणली.”

परतीच्या एसटीत पूनमसिंग खिडकीशी बसला. दोन्ही बाजूंना कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या होत्या, शेवटच्या वेच्याचा थोडा थोडा पांढरा अजून लोंबत होता. राळेगावची हद्द सुटली तेव्हा त्याला पाकीट कोणी घेतलं ते कळलं होतं. चिखलडोहचा फाटा येईपर्यंत ते कुठे गेलं तेही कळलं, आणि त्याने कपाळाला हात लावला.

४

त्याने सगळ्यांना त्या रिकाम्या मधल्या खोलीत बसवलं. तुळसाबाई गुडघे चोळत खाटेवर बसली. पायल आजीच्या मांडीवर.

“पाकीट घेणारा माणूस ट्रंकेपाशी आला तवा त्याच्या हाताले कापूस लागून होता,” पूनमसिंगने सुरुवात केली. “न तुडवलेला, कोपऱ्यातला. म्हणजे रविवार किंवा सोमवारी त्यानं गंजीत हात घातला अन् मंग ट्रंक उघडली. धम्मरत्न अन् रुपाली तवा कळंबले होते. नागोराव ह्या खोलीत आलाच नाही. निल्मिनी सोमवारी दिवसभर वावरात होती, अन् सोताचा पासपोर्ट चोरून तिले काय भेटते? पायल लहान हाये.”

धम्मरत्नची मान हळूहळू खाटेकडे वळली.

“आता मले सांगा, चोरी कराच्या आधी कापसात हात कोण घालते? ज्याले वस्तू ठेवाले जागा करायची हाये, तो. आधी खड्डा, मंग बियाणं. अन् ज्याले वस्तू कुठी हाये हे माहीत असते, तो घरभर धुंडाळत नाही. तूर निवडत बसते.” पूनमसिंगचा आवाज खाली आला. “वयनी, तुमच्या अंबाड्यात अजून कापूस हाये.”

तुळसाबाईचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तो तसाच राहिला.

“आई?” निल्मिनी म्हणाली.

“हो, मी घेतलं,” तुळसाबाई म्हणाली. मग बांध फुटल्यासारखी ती बोलत सुटली. “रोज तिच्या मायचा फोन येते. दोघी बोलतात, मले कळत नाही. पण रडणं कळते बापा. ये म्हणत असन, दुसरं काय म्हणन माय? अन् नागोराव पुस्तक भराले आला. मले वाटलं, जाची तयारी चालली. थ्या कुवेतवाल्यानं माया पोराचं पुस्तक कपाटात ठेवलं तं पोरगं तीन वर्षं हाललं नाही. बाप मेला तरी आलं नाही. मी म्हणलं, पुस्तक कोंडलं की माणूस कोंडते. शुक्रवार जाऊ देते, मंग काढून देते. मंग कुठी जाईन थे?”

निल्मिनी भिंतीला टेकून उभी होती. तिला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही.

“आई, थे पुस्तक जाण्यासाठी नव्हतं,” ती एकेक शब्द तोलून म्हणाली. “राहण्यासाठी होतं. शुक्रवारी शिक्का पडला नाही तं सरकार मले काढून देते. पायल इथं, मी तिथं.”

तुळसाबाई तिच्याकडे पाहतच राहिली. आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तिने पायलला पोटाशी घट्ट धरलं.

“निळ्या फडक्यात बांधून कोपऱ्यातल्या कापसात ठेवलं. काल ट्रॉली लागली तं मी खांद्यापर्यंत हात घातला. खाली सरकलं, सापडलं नाही. सांगू कसं? म्हणलं, जाऊ दे, गेलं तं गेलं, आता तं जाऊच शकत नाही.”

“कापूस!” धम्मरत्न ताडकन उभा राहिला. “काका, थो कोपऱ्यातला कापूस तं शेवटी वेगळाच भरला अन् काल जिनिंगात उतरवला!”

५

त्या दिवसांत भारनियमन होतं. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या जिनिंगची लाईट बुधवारी बंद असायची, म्हणजे मंगळवारचा माल अजून मशीनवर चढलेला नव्हता. पण गुरुवारी आठ वाजता लाईट येणार होती. रात्री एसटी नव्हती, म्हणून सहाच्या पहिल्या गाडीने सगळे निघाले. तुळसाबाईला घरीच राहा म्हटलं तर तिने कोणाचं ऐकलं नाही. गुडघे आवळून बांधले आणि एसटीच्या पायऱ्या बसून बसून चढली.

एसटी वाटेत पंक्चर झाली. जिनिंगच्या आवारात शिरले तेव्हा मशीन घरघरत होतं. मंगळवारच्या चाळीस गाड्यांचा एकच ढीग केलेला, दुमजली घराएवढा. त्याच्या एका टोकाला बाया टोपल्या भरत होत्या आणि टोपल्या मशीनकडे चालल्या होत्या.

“मशीन थांबवा!” पूनमसिंग ओरडला.

जिनिंगचा मालक बाहेर आला. याच माणसाचा ओला माल पूनमसिंगने एका हंगामात तीनदा परत पाठवला होता, आणि दोघंही ते विसरले नव्हते.

“आता काय उरलं, ग्रेडर? नोकरी संपली तुमची.”

“ह्या मालात प्लास्टिक हाये. रोलरमध्ये गेलं तं काय होते, हे मी तुम्हाले सांगू का?” पूनमसिंग म्हणाला. मग त्याने टोपी काढली. हे त्याने एकतीस वर्षांत कोणा मालकापुढे केलं नव्हतं. “प्लास्टिकात ह्या बाईचा पासपोर्ट हाये. उद्यापर्यंत नाही भेटला तं हिची पोरगी हिच्यापासून तुटते. एक घंटा द्या, शेठ.”

मालकाने निल्मिनीकडे पाहिलं, पायलकडे पाहिलं आणि मशीनवाल्याला हात केला. घरघर थांबली.

“एक घंटा. आणि चाळीस गाड्यांचा माल आहे, शोधाल कुठे?”

“शोधाचं काम माया बोटांचं हाये.”

पूनमसिंग ढिगाला वळसा घालू लागला. दर चार पावलांवर हात कोपरापर्यंत आत घालायचा, चिमूट काढायची, ओढायची, टाकायची. “हा आखूड. कोरडवाहू.” पुढे. “ह्याच्यावर पाणी मारलं.” पुढे. “हा शेवटचा वेचा, डागी कवडी हाये.” पुढे. त्याच्या मागे मागे सगळे, आणि सगळ्यांच्या मागे, भिंत धरून, तुळसाबाई. अर्धा तास गेला. ढिगाची एक बाजू संपली, दुसरी अर्धी झाली. धम्मरत्नने घड्याळ पाहिलं. मालकानेही पाहिलं.

“काका, तुमच्याच्यानं होत नसन तं…” धम्मरत्न म्हणाला.

“चूप राय.”

भिंतीच्या कोपऱ्यापाशी त्याने हात घातला आणि चिमूट बाहेर काढून ओढलीच नाही. डोळे मिटून अंगठ्याने चोळली. पानाचा चुरा नव्हता, काडी नव्हती, माती नव्हती. त्याने खिशातून चुन्याची डबी काढली, झाकणातली बट दुसऱ्या हातात घेतली आणि दोन्ही एकदम ओढल्या.

“याडी!” त्याच्या तोंडून आईची हाक निघाली. “हा तुया हातचा, पोरी. इथून खाली. उपसा!”

चौघंही तुटून पडले. रुपाली लुगडं खोचून ढिगात शिरली आणि बोलत बोलत मुठीमुठीने मागे फेकू लागली. टोपल्यावाल्या बायाही आल्या, कोणी बोलावलं नव्हतं तरी. निल्मिनी दोन्ही हातांनी उपसत होती, नाकातोंडात कापूस जात होता. शुभ्र कापसाची ती पट्टी खाली खाली जात राहिली आणि मग एकाएकी संपली. पुढे परत दुसऱ्याचा मळका माल लागला.

निल्मिनी थांबली. मालक म्हणाला, “दहा मिनिटं राहिली.”

“वाकडी गेली असन,” पूनमसिंग म्हणाला. “कापूस खाली पडते तवा सरळ पडत नाही. भिंतीकडं घ्या.”

भिंतीकडे जागा अरुंद होती. तिथे तुळसाबाईच उभी होती. ती खाली बसली, बांधलेले गुडघे तिने तसेच मुडपले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. तिचा चेहरा वेदनेने वाकडा झाला. मग तो तसाच थांबला. तिने हात बाहेर ओढला तेव्हा मुठीत निळ्या फडक्याचं टोक होतं.

फडकं तिने सोडलं नाही. तसंच निल्मिनीच्या हातात दिलं आणि तिच्या पायांशी वाकायला गेली. निल्मिनीने तिला मधेच धरलं.

“राग गेला नाही माया,” ती म्हणाली. “पण असं नका करू.”

६

शुक्रवारी साडेअकराला यवतमाळच्या पोलीस कार्यालयात परदेशी नागरिकांच्या खिडकीपुढे पायलला घेऊन पाच जण उभे होते. साहेबांनी पासपोर्ट उघडला तसा पानांतून कापूस उडाला आणि त्यांच्या टेबलावर बसला.

“हे काय?”

“कापूस हाये, साहेब,” पूनमसिंग म्हणाला. “लांब धाग्याचा. वरच्या ग्रेडचा.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ग्रामपंचायतीचा दाखला, लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, सगळं एकेक करून बघितलं. मग निल्मिनीला विचारलं, “पती हयात नाहीत. तुमचं माहेर तिकडे. इथे राहण्याचं कारण काय लिहू?”

“मुलगी लिहा,” निल्मिनी म्हणाली. मग तिने पुढे सांगितलं, “अन् सासू लिहा. गुडघे दुखतात तिचे, एकटी राहू शकत नाही.”

मागे तुळसाबाईने पदर तोंडात धरला. साहेबांनी लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. एक वर्ष.

बाहेर आल्यावर तुळसाबाई पायरीवर बसली. “एकच वर्ष? पुढच्या फेब्रुवारीत परत?”

“परत.”

“मी येईन संग.” मग धम्मरत्नकडे वळून म्हणाली, “अन् कापूस इकाचा असन तं आधी मले इचारत जाय.” रुपालीला हसू आवरेना. हसणं ओसरलं तशी तुळसाबाई सुनेकडे न पाहता म्हणाली, “पुस्तकावर शिक्का पडला ना? मंग जाऊन ये. तुया मायले भेटून ये. पोट्टीलेबी दाखव. मी कोंडत नाही आता.”

निल्मिनीने रस्त्यापलीकडे बोट केलं. तिथे फोटो स्टुडिओची पाटी होती.

“पायलचं पुस्तक काढा लागन. तुमचंबी. फोटो काढून घ्या.”

“मायं? कायले?”

“मी माया मायले काय सांगू, सासू कशी हाये? तुम्ही सोता चला अन् सांगा. भाषा येत नाही तं वंदना म्हणा. तिले येते थे.”

तुळसाबाई नाही म्हणाली, वेडी झाली का म्हणाली, गुडघे म्हणाली. पण ती उठली आणि निल्मिनीच्या खांद्यावर हात ठेवून तिने रस्ता ओलांडला. स्टुडिओतल्या उंच स्टुलावर पाय लोंबकळवत ती ताठ बसली. फोटोवाला म्हणाला, आजी, हसू नका, सरकारी फोटो आहे. ती कशाला हसेल, ती तर घामाघूम झाली होती.

तिच्या अंबाड्यात कापसाचा एक पुंजका अजून तसाच होता. तो काढायला पूनमसिंग पुढे झाला. कोपऱ्यात उभ्या निल्मिनीने नको अशी मान हलवली, म्हणून तो मागे सरला आणि फोटोवाल्याने बटण दाबलं.